प्रगणक दारात येण्याआधी: जनगणनेच्या प्रश्नांना बिनचूक उत्तरे कशी द्यावीत

मराठीत जनगणनेला दोन जुने शब्द आहेत. खानेसुमारी म्हणजे घरांची मोजदाद आणि शिरगणती म्हणजे माणसांची. बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले, तरी देशाची १६ वी जनगणना नेमकी याच दोन कामांत विभागलेली आहे. पहिला टप्पा घरयादीचा असून तो एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, प्रत्येक राज्याने अधिसूचित केलेल्या ३० दिवसांत पार पाडायचा आहे. दुसरा टप्पा प्रत्यक्ष लोकगणनेचा. तो फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि त्याचा हिशेब १ मार्च २०२७ रोजी रात्रीचे शून्य वाजता देशात कोण कुठे होते, या क्षणाला धरून केला जाणार आहे. लडाख आणि हिमालयातील बर्फाच्या प्रदेशांसाठी हाच क्षण १ ऑक्टोबर २०२६ हा ठरवला आहे, कारण फेब्रुवारीत तिथल्या वस्त्यांपर्यंत पोहोचता येत नाही.

१८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली ही मोजणी २०२१ मध्ये प्रथमच चुकली. त्याचा अर्थ काय, हे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत चांगले कळते. शिधापत्रिकेत नाव चढवायला गेलेल्या माणसाला तिथे ‘इष्टांक संपला आहे’ असे उत्तर मिळते. हा इष्टांक, म्हणजे स्वस्त धान्याच्या लाभार्थ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या, २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातून येतो. ग्रामीण भागात ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्य द्यावे, असे हा कायदा सांगतो, पण हे टक्के काढायचे ते शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेच्या लोकसंख्येवर, म्हणजे आजही २०११ च्याच आकड्यांवर. देशासाठी ८१.३५ कोटी ही मर्यादा त्यातूनच आली. त्यानंतर लोकसंख्या वाढली, गावे शहरांना जोडली गेली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा नवा जिल्हा निघाला, पण त्या जिल्ह्याच्या नावाची स्वतंत्र जनगणना अजून एकदाही झालेली नाही. त्याचे आकडे जुन्या ठाण्याच्या तालुक्यांतून वेचून काढावे लागतात.

मी शिक्षक असताना २०११ साली प्रगणक म्हणून काम केले. त्या दिवसांत एक गोष्ट पक्की लक्षात आली की, लोक मुद्दाम खोटे फार क्वचित सांगतात, आणि चुकीची माहिती जाते ती बहुतेक वेळा शब्दांच्या घोळामुळे. कुटुंब, काम, मुक्काम, साक्षर, वय, मातृभाषा हे शब्द आपण दिवसभर वापरतो, परंतु जनगणनेत त्यांना ठरवून दिलेले अर्थ आहेत आणि ते आपल्या रोजच्या अर्थापेक्षा थोडे बाजूला पडतात. प्रगणकाला रोज अनेक घरे करायची असतात. घरातले मोठे माणूस जे सांगेल ते तो टिपतो आणि पुढे जातो. म्हणून हे अर्थ घरातल्या सर्वांनी आधी समजून घेतले, तर उत्तरे बरोबर जातात. पुढील मार्गदर्शन त्यासाठीच आहे.

दारात कोण येते आणि काय विचारत नाही

प्रगणक हा बहुतेक वेळा जवळपासच्या शाळेतला शिक्षक किंवा स्थानिक कार्यालयातला कर्मचारी असतो. त्याच्यावर पर्यवेक्षक, पर्यवेक्षकावर चार्ज अधिकारी म्हणजे गावाकडे तहसीलदार आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचा नेमलेला अधिकारी, आणि जिल्ह्यात प्रधान जनगणना अधिकारी म्हणून जिल्हाधिकारी, अशी ही उतरंड आहे. प्रगणकाकडे ओळखपत्र आणि नेमणुकीचे पत्र असते, ते पाहायला मागावे. त्यात त्याचा अपमान होत नाही. यावेळी माहिती कागदावर न लिहिता मोबाईलमधील अ‍ॅपवर भरली जाते, त्यामुळे समोरचा माणूस बोलता बोलता फोनकडे पाहत असेल तर गैरसमज करून घेऊ नये.

आधार, पॅन, बँक खाते, जमिनीचा सातबारा किंवा जन्मदाखला यांपैकी कशाचीही जनगणनेला गरज नाही. फोनवर आलेला ओटीपी कोणी तोंडी मागितला, तर तो देऊ नये आणि त्या माणसाला घरात घेऊ नये. मतदारयादीसाठी येणारा बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) वेगळा आणि जनगणनेचा प्रगणक वेगळा. एकच गुरुजी दोन्ही कामांना जुंपलेले असू शकतात, पण कामे दोन आहेत आणि त्यांचे कायदेही दोन आहेत. मतदारयादीत कागद लागतात. जनगणनेत आपले सांगणे हाच पुरावा.

जनगणना १९४८ च्या कायद्यान्वये होते. कलम ८ प्रमाणे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपल्या माहितीप्रमाणे खरी देणे बंधनकारक आहे आणि नकार दिल्यास किंवा जाणूनबुजून खोटे सांगितल्यास कलम ११ खाली १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याचे कलम १५ मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. जनगणनेतली नोंद पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि ती दिवाणी खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. फौजदारी खटल्यातही नाही, अपवाद फक्त याच कायद्याखालील गुन्ह्यांचा. म्हणजे भाडेकरार न करता राहणाऱ्या भाडेकरूने ‘घर भाड्याचे’ असे सांगितले, तर ते उत्तर त्याच्या किंवा घरमालकाच्या विरुद्ध कुठे वापरता येत नाही, आणि खोल्यांची खरी संख्या सांगितल्याने घरपट्टीही वाढत नाही. माहिती फोडणाऱ्या जनगणना कर्मचाऱ्यालाही शिक्षेची तरतूद आहे.

या कायद्यातली एक तरतूद मला विशेष आवडते. रूढीप्रमाणे ज्याचे नाव उच्चारता येत नाही, अशा पतीचे किंवा दिवंगत पतीचे नाव सांगण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर करता येत नाही, असे कलम ८ मध्येच लिहिले आहे. उखाण्याशिवाय नाव न घेणाऱ्या आजींची सोय कायद्याने १९४८ सालीच करून ठेवली होती.

घरयादी: चूल कोणाची, दार कोणते

पहिल्या टप्प्यात माणसांची तपशीलवार नोंद होत नाही. इमारत, घर आणि त्यातल्या सोयी यांची होते. सर्वाधिक गोंधळ ‘घर’ आणि ‘कुटुंब’ या दोन शब्दांत होतो. जनगणनेच्या लेखी घर म्हणजे रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य दार असलेली इमारत अथवा तिचा भाग. कुटुंब म्हणजे जी माणसे एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात ती. रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही.

एका वाड्यात तीन भाऊ राहत होते. सामाईक दिंडी दरवाजा, सामाईक विहीर, सातबाराही एकत्र. थोरल्या भावाने अभिमानाने सांगितले, “आमचं एकत्र कुटुंब आहे गुरुजी, एकच लिहा.” आतून धाकट्या सुनेचा आवाज आला, “चूल वेगळी झाली की दिवाळीपासून.” मग तीन कुटुंबे लिहिली. थोरल्या भावाचा चेहरा उतरला, पण लिहायचे होते ते तेच. याच्या उलट, भाड्याच्या खोलीत मेस न लावता आळीपाळीने स्वयंपाक करणारी चार असंबंधित मुले ही मिळून एक कुटुंब होतात. मालकाच्या घरीच राहून जेवणारी घरकामाची बाई त्या कुटुंबात मोजली जाते. सोसायटीच्या जिन्याखाली बायकामुलांसह राहणारा रखवालदार हे स्वतंत्र कुटुंब आहे, आणि त्याची जागा कोणत्याही फ्लॅटच्या क्रमांकात बसत नसल्यामुळे तो हमखास सुटतो. सोसायटीच्या सचिवांनी प्रगणकाला घेऊन फिरताना गच्चीवरची खोली, तळमजल्यावरचे दुकान, बंद फ्लॅट आणि ही जिन्याखालची जागा आवर्जून दाखवावी. बंद घरसुद्धा घर म्हणून मोजले जाते.

इमारतीवर क्रमांक लिहू देणे हेही कायद्याने बंधनकारक आहे. पूर्वी तो गेरूने लिहीत. नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर कोणी लिहू लागले की जीव कळवळतो, हे खरे आहे. अशा वेळी जागा आपण दाखवावी, पण दुसरा टप्पा संपेपर्यंत क्रमांक पुसू नये, कारण फेब्रुवारीत येणारा प्रगणक त्याच्याच आधाराने घर ओळखतो.

घरयादीसाठी ३३ प्रश्न अधिसूचित झाले आहेत. जमीन, भिंत आणि छप्पर कशाचे आहे, घराची स्थिती, मालकी, खोल्या, घरातील विवाहित जोडपी, पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत आणि तो आवारात आहे की दूर, दिवाबत्ती, शौचालय, सांडपाणी, न्हाणीघर, स्वयंपाकाचे इंधन, रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, संगणक, फोन, दुचाकी, मोटार असा हा क्रम आहे. यात ‘मुख्य’ हा शब्द नीट ऐकावा. घरात गॅसची शेगडी आहे, पण सिलिंडर पाहुण्यांच्या चहासाठी राखून रोजची भाकरी चुलीवर होत असेल, तर मुख्य इंधन लाकूड हेच उत्तर. नळ असून पाणी आठ दिवसांनी येत असेल आणि एरवी टँकरवर भागत असेल, तर तसेच सांगावे. प्रतिष्ठेसाठी नळ आणि गॅस सांगितला, तर पाणीपुरवठ्याच्या कागदावर आपली वाडी ‘सोय झालेली’ म्हणून जाते, आणि पुढे सरपंचाला तिथे काही मागणे अवघड होते.

यावेळी घरात मुख्यतः कोणते धान्य खाल्ले जाते, हेही विचारले आहे. सोलापूरकडचे घर ज्वारी सांगेल, कोकणातले तांदूळ, आणि ज्यांच्या घरी दोन पिढ्यांत भाकरीची पोळी झाली ते गहू. एकच उत्तर द्यायचे असल्याने काही घरांत यावर वाद होईल, असा माझा अंदाज आहे. मोबाईल क्रमांक जनगणनेच्या संपर्कापुरताच घेतला जातो.

माहिती स्वतः भरायची असेल तर

घरयादीचे ३० दिवस सुरू होण्याआधी १५ दिवस स्व-गणनेची सोय आहे. जनगणनेच्या अधिकृत पोर्टलवर मोबाईल क्रमांकाने प्रवेश करून, मराठी भाषा निवडून, कुटुंबातल्या एकाने सर्व प्रश्न भरायचे. शेवटी एक ओळख क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा आणि प्रगणक आल्यावर त्याला द्यावा, म्हणजे त्याला माहिती पुन्हा विचारावी लागत नाही. स्वतः भरले म्हणजे प्रगणक येणारच नाही असे नाही. तो येतो, क्रमांक घेतो, खातरजमा करतो. एकाच चुलीची माहिती मुलाने पुण्याहून आणि वडिलांनी गावाहून, अशी दोनदा भरली जाणार नाही, एवढे घरात आधी बोलून ठरवावे.

नोकरदार शहरी घरांना मी ही पद्धत जरूर सुचवीन. दोघेही नोकरीवर असताना शेजाऱ्याकडून विचारून टिपलेल्या माहितीपेक्षा ही कितीतरी बरी.

फेब्रुवारीत कोणाला कुठे मोजायचे

दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रश्न कागदावर नसतो, पण सर्वांत महत्त्वाचा तोच असतो: या घरात कोणाकोणाची नावे लिहायची? शिधापत्रिकेतली नव्हेत. मतदारयादीतलीही नव्हेत. २०११ मध्ये पाळलेला नियम असा होता की, जो माणूस एरवी इथे राहतो आणि गणनेच्या दिवसांत थोडा काळ जरी इथे असतो, त्याला इथे मोजायचे. आणि जो गणनेचा संपूर्ण काळ आपल्या नेहमीच्या जागेपासून दूर असतो, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचे. चार दिवस लग्नाला परगावी गेलेले काका घरीच मोजले जातात. वसतिगृहातली मुलगी वसतिगृहात मोजली जाते. तिथे स्वतंत्र संस्थात्मक नोंद होत असल्याने आईवडिलांनी तिला घरी सांगायचे नाही. भिंतीवर फोटो आहे म्हणून ती त्या दिवसांत घरी ‘असत’ नाही. अमेरिकेत किंवा आखातात राहणारा मुलगा त्या काळात भारतात नसेल, तर तो मोजला जात नाही.

महाराष्ट्रात या नियमाची खरी कसोटी ऊसतोडीत लागते. फेब्रुवारीत गळीत हंगाम भरात असतो. बीड आणि आसपासच्या भागातली हजारो कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये असतात. गावी म्हातारी माणसे आणि लहान मुले. ही कुटुंबे पूर्ण काळ फडावर असतील, तर त्यांची गणना तिथेच व्हायला हवी. पण कोपी हे कोणाच्या यादीतले घर नसते, आणि टोळी पहाटे फडात गेली की दिवसा तिथे कोणी सापडत नाही. मुकादमांनी, कारखान्याच्या शेतकी विभागाने आणि जवळच्या ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या कोप्या प्रगणकाला दाखवून संध्याकाळची वेळ ठरवून दिली, तर हे काम सहज होते. गावाकडच्या आजोबांनीही मुलगा-सुनेची नावे प्रेमापोटी लिहायला लावू नयेत. ती दोन ठिकाणी पडतात, किंवा ‘तिकडे लिहिली असतील’ या समजुतीत एकाही ठिकाणी पडत नाहीत.

कोकणात ओढ उलट दिशेची असते. गावाची लोकसंख्या कमी दिसू नये, म्हणून मुंबईच्या चाकरमान्यांची नावे गावात सांगण्याचा मोह होतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष कामासाठी बाहेर गेले की जिल्हा असा दिसतो. हे चित्र खरे असल्यामुळेच उपयोगी आहे. वृद्धांसाठी आरोग्यसेवा हवी की नव्या शाळाखोल्या, याचा निर्णय अशाच आकड्यांवरून घेता येतो.

तान्हे बाळ सांगायचे राहून जाते. ‘घरात किती माणसे?’ या प्रश्नाला उत्तर देताना सहा महिन्यांचे मूल माणसांत धरले जात नाही, मग ते मुलगी असेल तर आणखीनच. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या, आणि बीड जिल्ह्यात तर ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कारवाईला जोर देणारे हे आकडे घरोघरच्या वय आणि लिंग या दोन रकान्यांतूनच उभे राहिले. लिंगाच्या रकान्यात २०११ पासून स्त्री आणि पुरुष यांखेरीज तिसरा पर्यायही आहे.

वय, शिक्षण आणि जन्मस्थान

वय पूर्ण झालेल्या वर्षांत सांगायचे. मराठीत आपण म्हणतो, ‘आईला सत्तरावं लागलं’, त्याचा अर्थ तिला ६९ पूर्ण झाली आहेत. प्रगणक ऐकतो ‘सत्तर’. शिवाय अंदाजे वय सांगताना जीभ आपोआप पन्नास, पंचावन्न, साठ अशा आकड्यांवर जाते, त्यामुळे देशाच्या वयाच्या तक्त्यात शून्य आणि पाच हे अंक शेवटी असलेली वये फुगतात. जन्मतारीख ठाऊक नसेल तर एखाद्या आठवणीतल्या घटनेचा आधार घ्यावा. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. “पाणी आलं तेव्हा मी दुसरीत होते” एवढे आजींनी सांगितले की जन्म १९५४ च्या आसपासचा हे निघते. ही बैठक प्रगणक येण्याआधीच घरी बसून केली तर बरे, कारण आजी एकदा पानशेतच्या गोष्टीत शिरल्या की अर्धा तास सहज जातो.

साक्षर म्हणजे सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची, कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकणारी व्यक्ती. फक्त सही येणारी नव्हे. उलट, शाळेत न गेलेली पण पोथी वाचणारी आणि चिठ्ठी लिहिणारी आजी साक्षर आहे, तिची शाळा विचारून तिला निरक्षर ठरवू नये.

जन्मस्थान सांगताना घराण्याचे मूळ गाव सांगू नये. आईने प्रत्यक्ष जिथे जन्म दिला ते ठिकाण सांगावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या रीतीमुळे अनेकांचे जन्मगाव आजोळ असते. असा माणूस जन्मस्थानाच्या हिशेबाने स्थलांतरित ठरतो, म्हणून याआधीचे राहण्याचे ठिकाण आणि ते सोडण्याचे कारण हे प्रश्न वेगळे विचारले जातात. तिथे लग्न, नोकरी, शिक्षण, कुटुंबासह आलो, यांपैकी खरे कारण सांगावे.

काम: जिथे सर्वाधिक चुकते

ओसरीवर बसलेल्या एका गृहस्थांनी बायकोविषयी सांगितले, “ती काही करत नाही, घरीच असते.” ती तेव्हा गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन येत होती. मी विचारले, “वहिनी, दूध डेअरीला घालता का?” त्या म्हणाल्या, “घालते की, दोन्ही वेळचं.” “आणि शेतात?” “खुरपणीला, काढणीला जातेच. न जाऊन कसं चालेल?” गृहस्थ हसून म्हणाले, “ते तर घरचंच आहे.”

जनगणनेच्या व्याख्येत ‘घरचेच’ असणे ही सबब नाही. मोबदला मिळो वा न मिळो, आर्थिकदृष्ट्या उत्पादक असे कोणतेही काम हे काम आहे. घरच्या शेतात, घरच्या दुकानात, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणे हे काम आहे. फक्त घरी खाण्यापुरते धान्य पिकवणे किंवा दूध काढणे, हेसुद्धा २०११ च्या सूचनांप्रमाणे काम धरले गेले होते. स्वयंपाक, धुणी-भांडी आणि मुलांची देखभाल मात्र या व्याख्येत बसत नाही, आणि माझ्या मते तो व्याख्येचाच तोकडेपणा आहे. पण निदान जे बसते ते तरी लिहिले गेले पाहिजे.

मागील वर्षभरात सहा महिने किंवा अधिक काळ काम केलेला माणूस ‘मुख्य काम करणारा’, त्याहून कमी केलेला ‘सीमांतिक काम करणारा’. म्हणून बाईने वर्षातले महिने मोजून सांगावेत: पेरणी, खुरपणी, वेचणी, काढणी, आणि बारा महिन्यांचे दूध. पुढचा प्रश्न शेतकरी की शेतमजूर हा असतो. इथे सातबारा कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही. स्वतःच्या कुटुंबाची किंवा खंडाने, बटईने घेतलेली जमीन कसणारी व्यक्ती शेतकरी असते, मग ती नवरा असो, बायको असो वा मुलगा. सारी जमीन बटईने देऊन स्वतः काही न करणारा सातबाराधारक शेतकरी ठरत नाही. दुसऱ्याच्या रानात मजुरीने जाणारा शेतमजूर. दोन्ही करत असेल, तर ज्यात जास्त काळ गेला ते उत्तर.

याच रकान्यावर आणखी एक गोष्ट अवलंबून असते. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात असतील, तर कारभार ग्रामपंचायतीचा असूनही ते गाव जनगणनेत नगर म्हणून गणले जाते. नोकरीवर जाणाऱ्याने ‘आम्ही शेतकरीच’ असे अभिमानाने सांगितले, की शहराला लागून वाढलेले गाव कागदावर खेडेच राहते.

धर्म, जात आणि मातृभाषा

सर्व जातींची नोंद शेवटची झाली ती १९३१ मध्ये. १९४१ ला युद्धामुळे तक्तेच तयार झाले नाहीत आणि स्वतंत्र भारतात फक्त अनुसूचित जाती-जमाती विचारल्या गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जातींची नोंद जनगणनेत घेण्याचा निर्णय केला. महाराष्ट्राला या पोकळीची झळ अलीकडेच लागली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षणासाठी आकडेवारीचा आधार मागितला, आणि ‘इम्पिरिकल डेटा’ हा शब्द गावच्या पारावर पोहोचला.

घरात उत्तर आधी ठरवावे. जातीचा दाखला असेल तर त्यावरील नावच सांगावे, म्हणजे वेगळ्या चुली झालेल्या सख्ख्या भावांची नोंद दोन वेगवेगळ्या नावांनी होत नाही. आडनावावरून प्रगणकाने स्वतः काही लिहिले तर थांबवावे. पवार, चव्हाण, जाधव ही आडनावे किती वेगवेगळ्या समाजांत आहेत हे सांगायला नको. धर्म आणि जात हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत गणले जाते, म्हणून धर्म बौद्ध सांगून जातीच्या रकान्यात आपली अनुसूचित जात सांगता येते. २०११ मध्ये देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते, त्यामुळे हा रकाना चुकला तर राखीव जागांच्या हिशेबात फरक पडतो. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलत असे ती. घरातल्या सर्वांची ती एकच असावी असे नाही. कानडी मुलुखातून आलेल्या सुनेची मातृभाषा कन्नड, मुलांची, त्यांची आई त्यांच्याशी जी बोलली ती. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली १९,५६९ नावे छाननीनंतर १,३६९ मातृभाषांत आणि शेवटी १२१ भाषांत बसवली गेली. अहिराणी खान्देशीत गेली, मालवणी कोकणीत, लमाणी हिंदीत. हे वर्गीकरण कोणाला पटो न पटो, ते कार्यालयात होते. दारात मात्र जे नाव सांगाल ते मूळ नोंदीत राहते, आणि त्याच नोंदींमुळे त्या बोलीचे भाषक किती हे पुढे काढता येते. म्हणून अहिराणी बोलणाऱ्याने ‘अहिराणी’ असेच सांगावे. मराठीचे ८ कोटी ३० लाख भाषक २०११ मध्ये मोजले गेले आणि ती तेलुगूला मागे टाकून तिसऱ्या क्रमांकावर आली. त्यात इंदूर, बडोदे, तंजावरची घरेही आहेत. तिथे चार पिढ्या राहिलेल्या माणसाला प्रगणक गृहीत धरूनच स्थानिक भाषा लिहील, त्याला थांबवून सांगावे लागते. मातृभाषेनंतर येत असलेल्या आणखी दोन भाषा विचारल्या जातात.

दोन प्रश्न हलक्या आवाजात विचारावे लागतात. अपंगत्वाची नोंद लग्नाच्या वयाच्या मुलीविषयी किंवा मानसिक आजाराविषयी दडवली जाते. जन्मलेल्या एकूण अपत्यांची संख्या विचारली की बाई हयात मुलेच मोजते. गेलेले मूलही त्यात धरायचे असते, कारण या दोन संख्यांच्या फरकातून बालमृत्यूचे प्रमाण काढले जाते. हे प्रश्न शक्यतो त्या स्त्रीलाच, सासूसासऱ्यांच्या गराड्याबाहेर विचारू द्यावेत.

शेवटची फेरी

सर्व भरून झाल्यावर प्रगणकाला नोंद वाचून दाखवायला सांगावे. नाव, वय, काम, मातृभाषा एवढे ऐकले तरी पुरे. घरयादीचा काळ संपत आला आणि कोणी आलेच नाही, तर तहसील कार्यालयात किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन चार्ज अधिकाऱ्याला कळवावे. नवीन इमारती, वस्तीच्या टोकाची घरे आणि दोन गटांच्या, म्हणजे प्रगणकांना नेमून दिलेल्या भागांच्या, शिवेवरच्या गल्ल्या सुटतात.

२०११ मध्ये गणना ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली. बेघरांची मोजणी २८ तारखेच्या रात्री स्टेशन, फलाट, देवळे आणि पुलाखाली एकाच वेळी झाली, आणि त्यानंतर १ ते ५ मार्च प्रगणक पुन्हा प्रत्येक घरी गेला. त्या फेरीत तो एवढेच विचारत होता की, आपण भेटल्यानंतर आणि १ मार्चचा शून्य तास होण्याआधी घरात कोणी जन्मले का, कोणी गेले का, कोणी नवे राहायला आले का. मध्यरात्रीच्या दहा मिनिटे आधी जन्मलेले मूल यादीत चढते. त्यानंतर जन्मलेले पुढच्या जनगणनेची वाट पाहते. माझ्या गटात त्या रात्री साडेअकराला एक मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या आजोबांनी मला चहा पाजला आणि विचारले, “नाव ठेवलं नाही अजून, चालेल का?” नाव न ठेवलेल्या बाळाची नोंदही तशीच करता येते.